काळे दिवस, पांढऱ्या फळ्या

इ.स. 69 मध्ये रोमच्या गादीवर व्हिटेलियस आला. त्या वर्षातला हा तिसरा सम्राट. सम्राटपदाबरोबर मुख्य पुरोहिताचे पदही त्याच्याकडे आले आणि त्या अधिकारात त्याने सार्वजनिक धर्मविधींविषयी एक फर्मान काढले. फर्मानाची तारीख होती 18 जुलै. इतिहासकार टॅसिटस सांगतो की लोकांनी त्यातच अपशकुन पाहिला. ज्या दिवशी कोणताही शहाणा रोमन नव्या कामाला हात लावत नसे, तो दिवस धर्माच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने धर्मकार्यासाठीच निवडला होता. डिसेंबरमध्ये व्हिटेलियसला रोमच्या रस्त्यांतून ओढत नेऊन ठार मारण्यात आले. ज्यांनी जुलैतच मान हलवली होती, त्यांना याचे नवल वाटले नसणार.

या 18 जुलैची भीती साडेचारशे वर्षांची होती. रोमनांच्या पारंपरिक कालगणनेप्रमाणे इ.स.पू. 390 मध्ये (आजचे बहुतेक अभ्यासक 387 धरतात) उत्तरेकडून आलेल्या गॉल टोळ्यांशी रोमन सैन्याची आलिया नदीकाठी गाठ पडली. लढाई अशी झालीच नाही. रांगा मोडल्या, निम्मे सैन्य टायबरपलीकडे वेई नगरात पळाले आणि गॉल मोकळ्या वेशीतून रोममध्ये शिरले. शहर जळाले, फक्त कॅपिटोलची टेकडी उरली. शेवटी हजार पौंड सोने मोजून शत्रूला वाटेला लावावे लागले. रोमनांनी पुढे अर्धे जग जिंकले, पण ही नामुष्की ते विसरले नाहीत. तो दिवस त्यांच्या पंचांगात ‘आलियाचा दिवस’ म्हणून कायमचा काळा ठरला.

इतिहासकार लिव्ही म्हणतो की याच तारखेला, सुमारे नव्वद वर्षांपूर्वी, इ.स.पू. 477 मध्ये, क्रेमेरा ओढ्याकाठी फाबियस घराण्यातले 306 पुरुष एका दिवसात कापले गेले होते. कवी ओविड मात्र तीच कत्तल 13 फेब्रुवारीला झाली असे सांगतो. दोघांत कोण बरोबर, यापेक्षा हा गोंधळ कसा झाला हे मला महत्त्वाचे वाटते. एक दिवस एकदा अशुभ ठरला की इतर संकटेही त्या तारखेकडे ओढली जातात. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोच्या काळात रोमला मोठी आग लागली, तेव्हाही लोकांनी लगेच हिशेब मांडला: गॉलांनी शहर जाळले होते ते याच दिवसांत.

आलियाच्या पराभवानंतर रोमन सीनेटने चौकशी केली. सेनापतींचे चुकले काय, हा प्रश्न होताच. पण देव का रुसले, हाही तितक्याच गांभीर्याने विचारलेला प्रश्न होता. लुसियस आक्विनियस नावाच्या शकुनवेत्त्याने उत्तर दिले. आलियाच्या लढाईपूर्वी यज्ञ झाला तो महिन्याच्या ‘आइड्स’नंतरच्या दिवशी, आणि याआधीचे कितीतरी पराभवही अशाच दिवशी यज्ञ करून निघालेल्या सैन्याचे झाले होते. रोमन महिन्यात तीन ठळक मुक्काम होते: पहिला दिवस ‘कॅलेंड्स’, पाचवा किंवा सातवा ‘नोन्स’, आणि तेरावा किंवा पंधरावा ‘आइड्स’. पुरोहितांनी निर्णय दिला की या तिन्हींच्या दुसऱ्या दिवशी युद्ध, प्रवास, यज्ञ, काहीही आरंभायचे नाही. बारा महिन्यांत असे 36 काळे दिवस झाले. एका पराभवातून वर्षाचा दहावा हिस्सा काळा झाला.

अशुभ दिवस आणि वर्ज्य दिवस या मात्र रोममध्ये दोन वेगळ्या गोष्टी होत्या. इ.स. 1915 मध्ये इटलीतल्या आन्झिओ गावी गिलाव्यावर रंगवलेल्या एका पंचांगाचे तुकडे सापडले. ज्युलियस सीझरने पंचांग सुधारले, त्यापूर्वीचे रोमन पंचांग म्हणून हाती आलेले हे एकमेव. त्यात काळ्या आणि लाल रंगात प्रत्येक दिवसापुढे अक्षरे आहेत. ‘एफ’ म्हणजे न्यायाधीशाने न्यायासनावर बसून निकालाचे शब्द उच्चारायला मोकळा दिवस. ‘सी’ म्हणजे लोकसभा भरवून मतदान घ्यायला चालणारा दिवस. ‘एन’ म्हणजे यातले काहीच चालणार नाही, तो दिवस देवांचा. काळ्या दिवसांपैकी पुष्कळांपुढे ‘एफ’ आहे. म्हणजे त्या दिवशी कोर्ट चालत असे, पण लग्न लावायला किंवा फौज हलवायला कोणी धजत नसे. सामान्य माणसे या दोन्हींची गल्लत करतात, अशी तक्रार ग्रंथकार गेलियस दुसऱ्या शतकात करतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला आपले काम करून घ्यायचे आहे, त्याच्या दृष्टीने न्यायाधीश गप्प बसला काय आणि देव रुसला काय, दार बंदच.

आणि या दाराची किल्ली फार थोड्या लोकांच्या हाती होती. कोणता दिवस मोकळा आणि कोणता बंद, हे पुरोहितमंडळाला माहीत असे, आणि पुरोहित सगळे उच्चकुलीन. एखाद्या कारागिराला किंवा शेतकऱ्याला दावा लावायचा असला, तर आधी त्यांच्या दारी जाऊन दिवस विचारायला लागे. दिवस सांगणे ही मेहेरबानी होती, आणि मेहेरबानीची परतफेड करावी लागते.

इ.स.पू. 304 मध्ये ग्नेयस फ्लावियस नावाच्या माणसाने ही किल्ली चव्हाट्यावर आणून ठेवली. त्याचा बाप गुलामगिरीतून मुक्त झालेला. तो स्वतः कारकून, आपियस क्लॉडियस या बड्या आणि बंडखोर सरदाराच्या पदरी. त्या वर्षी तो नगराधिकारी म्हणून निवडून आला आणि त्याने संपूर्ण पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहवून भर चौकात, फोरममध्ये, लावून टाकले. आता ज्याला अक्षर लागत होते तो स्वतः दिवस पाहू शकत होता, आणि ज्याला लागत नव्हते तो शेजाऱ्याला विचारू शकत होता. उमरावांपैकी कित्येकांनी संतापाने बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवल्या. फ्लावियसने कॉन्कॉर्डिया देवीचे, म्हणजे सलोख्याच्या देवीचे, देऊळ अर्पण करायला घेतले, तेव्हा मुख्य पुरोहित मंत्र सांगायला तयार होईना. लोकांच्या रेट्यापुढे त्याला सांगावा लागला. फ्लावियस आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला, तर खोलीत बसलेल्या उमराव तरुणांपैकी कोणी उठून उभे राहिले नाही. त्याने हसून आपली अधिकाराची खुर्ची मागवली आणि उंबऱ्यात ठेवून तिच्यावर बसला. अधिकाऱ्यासमोर बसून राहायचे आणि बाहेरही जाता येईना, अशी त्या पोरांची अवस्था झाली. रोमच्या इतिहासात मोठ्या लढाया आणि मोठे सेनापती खूप आहेत. मला मात्र हा कारकून त्यातल्या पुष्कळांपेक्षा मोठा वाटतो.

पंचांग उघडे झाले, पण ते लांबवण्या-आखडण्याचा अधिकार पुरोहितांकडेच राहिला. तो कसा, हे कळण्यासाठी चंद्राकडे वळावे लागते.

रोमनांचा महिना मूळचा चांद्र. अमावास्येनंतरची पहिली कोर दिसली की धाकटा पुरोहित कॅपिटोलवर लोकांना बोलावून नोन्स पाचव्या दिवशी येणार की सातव्या, हे पुकारून सांगे. आइड्स म्हणजे मूळची पौर्णिमा, ज्युपिटरचा दिवस. त्या दिवशी पवित्र मार्गाने एक पांढरी मेंढी कॅपिटोलवर बळीसाठी नेत. पण बारा चांद्रमासांचे दिवस होतात 354, आणि तो आकडा सम. रोमनांच्या मते विषम संख्या शुभ, सम संख्या मृत्यूच्या बाजूची. म्हणून परंपरेनुसार राजा न्यूमाने वर्षात एक दिवस वाढवून 355 केले. चार महिने 31 दिवसांचे, सात 29 दिवसांचे. सगळे विषम. पण बारा विषम संख्यांची बेरीज विषम येत नाही, म्हणून एका महिन्याला सम राहणे भाग होते. तो वाटा फेब्रुवारीला आला: 28 दिवस. तसाही तो महिना शुद्धीकरणाचा आणि मृतांचा. 13 ते 21 फेब्रुवारी या दिवसांत देवळांची दारे बंद, लग्ने बंद, अधिकारी आपली मानचिन्हे उतरवून फिरत, आणि घरची माणसे पूर्वजांच्या थडग्यांवर फुले, धान्य, मीठ ठेवून येत. आकड्यांच्या या श्रद्धेपायी रोमचा महिना प्रत्यक्ष चंद्रापासून सुटला. पंधरवड्यातला आइड्स राहिला, पण त्या रात्री आकाशात पूर्ण चंद्र असेलच याची खात्री उरली नाही.

खऱ्या पौर्णिमेची, आणि विशेषतः तिच्या ग्रहणाची, धास्ती मात्र ग्रीक आणि रोमन दोघांनाही होती. इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सचे आरमार सिसिलीत सिराक्यूजपुढे अडकले होते. परतीची तयारी झाली आणि 27 ऑगस्टच्या रात्री चंद्रग्रहण लागले. ज्योतिष्यांनी सेनापती निकियसला सांगितले, तीन वेळा नऊ दिवस थांब. निकियस थांबला. त्या मुदतीत सिराक्यूजच्या लोकांनी बंदराचे तोंड बंद केले. अथेन्सचे सैन्य नष्ट झाले, सुमारे सात हजार कैदी दगडखाणींत कोंडले गेले, निकियसला ठार मारण्यात आले. चरित्रकार प्लुटार्क एक चुटपुट लावणारी गोष्ट सांगतो: निकियसचा जुना, जाणता शकुनवेत्ता नुकताच वारला होता. तो असता तर कदाचित म्हणाला असता की पळून जाणाऱ्याला अंधार हा शुभच.

अडीचशे वर्षांनी, इ.स.पू. 168 मध्ये, मॅसिडोनियात पिडना येथे रोमन छावणीवर तशीच रात्र आली. दुसऱ्या दिवशी राजा पर्सियसशी निर्णायक लढाई होती. लिव्ही सांगतो की गायस सुल्पिशियस गॅलस या अधिकाऱ्याने सैनिकांना आधीच एकत्र करून समजावले होते की आज रात्री चंद्र झाकोळेल, ही ठरलेल्या वेळी घडणारी नैसर्गिक गोष्ट आहे, घाबरू नका. (लेखक सिसेरोच्या मते त्याने हे ग्रहणानंतर समजावले.) प्लुटार्कच्या वर्णनात सैनिक रिवाजाप्रमाणे काशाची भांडी बडवतात, मशाली आकाशाकडे उंचावतात, आणि सेनापती पाउलस ग्रहणाचे कारण ठाऊक असूनही चंद्र सुटल्यावर त्याला अकरा कालवडी अर्पण करतो. अकरा, म्हणजे पुन्हा विषम. शास्त्र आणि शकुन एकाच छावणीत, एकाच माणसात सुखाने नांदत होते. रोमनांनी लढाई जिंकली.

या ग्रहणाने आणखी एक गोष्ट उघड केली. लिव्हीच्या पंचांगाप्रमाणे ती रात्र 3 सप्टेंबरची होती. खगोलगणिताप्रमाणे ती 21 जूनची होती. रोमचे पंचांग ऋतूंच्या अडीच महिने पुढे पळाले होते.

कारण सरळ होते. 355 दिवसांचे वर्ष सूर्याबरोबर राखायचे तर दर दुसऱ्या वर्षाच्या सुमारास फेब्रुवारीच्या शेवटाजवळ अधिक महिना घालावा लागे. आपला अधिकमास गणिताने येतो, कोणाच्या मर्जीने नाही. रोममध्ये तो पुरोहितमंडळ ठरवेल तेव्हा येई. मित्र अधिकारपदावर असला की वर्ष लांबवायचे, शत्रू असला की आखडायचे. करवसुलीचे मक्तेदार होतेच रांगेत. इ.स.पू. 51 मध्ये सिलिशिया प्रांतात नाइलाजाने सुभेदारी करणारा सिसेरो रोममधल्या मित्राला कळवळून लिहितो की काहीही कर, पण यंदा अधिक महिना पडू देऊ नकोस. त्याला घरी यायचे होते. सुट्टीचे गणित देवांच्या नावाने चालायचे आणि राजकारण्यांच्या हाताने व्हायचे.

बाजाराच्या दिवसाचेही तसेच. रोममध्ये दर आठव्या दिवशी बाजार भरे. हा दिवस नोन्सवर आला की राज्यकर्ते अस्वस्थ होत. गरिबांचा आवडता राजा सर्व्हियस टुलियस कोणत्यातरी नोन्सला जन्मला होता एवढेच लोकांना आठवत होते. महिना आठवत नसल्याने ते सगळेच नोन्स पाळत. खेड्यांतून आलेली गर्दी आणि त्या राजाची आठवण एका दिवशी एकत्र आली तर दंगा होईल, म्हणून तो योग अशुभ ठरवून टाळला जाई. ग्रंथकार मॅक्रोबियसने नोंदवलेली ही हकिकत मला फार बोलकी वाटते. अशुभ कोणासाठी, हे इथे स्पष्ट दिसते.

इ.स.पू. 59 मध्ये हा खेळ टोकाला गेला. त्या वर्षी सीझर आणि बिब्युलस हे दोघे कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी. सीझरचा जमीनवाटपाचा कायदा बिब्युलसला नको होता. रस्त्यावरच्या मारामारीत हरल्यावर तो घरी बसला आणि रोज कळवू लागला की मी आकाशात शकुन पाहतो आहे. नियमाप्रमाणे असा शोध चालू असताना लोकसभा भरवता येत नसे. मतदानाचे उरलेले दिवस त्याने सण म्हणून जाहीर केले. सीझरने सगळे धाब्यावर बसवून कायदे करून घेतले. पवित्र दिवस ही नुसती अडवणुकीची काठी झाली आहे, हे सगळ्या शहराने पाहिले.

हाच सीझर इ.स.पू. 63 पासून मुख्य पुरोहित होता. यादवी युद्ध जिंकल्यावर त्याने पंचांग हाती घेतले. अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ सोसिजेनिस सल्ल्याला होता. इ.स.पू. 46 या एका वर्षात तब्बल 90 दिवस घुसवून ते 445 दिवसांचे केले आणि इ.स.पू. 45 च्या 1 जानेवारीपासून 365 दिवसांचे नवे वर्ष, चौथ्या वर्षी एक दिवस जास्त, असे सुरू झाले. पुरोहितांच्या मर्जीचा अधिक महिना कायमचा गेला. पण एवढ्या धाडसी माणसानेही जुन्या दिवसांना किती जपून हात लावला, पाहा. वाढवलेले दहा दिवस त्याने महिन्यांच्या शेवटी टाकले, म्हणजे कुठल्याही सणाची जागा हलू नये. आणि फेब्रुवारीला त्याने एकही दिवस दिला नाही. पाताळातल्या देवांचे विधी बिघडू नयेत, हे मॅक्रोबियसने दिलेले कारण. आज भिंतीवरच्या कॅलेंडरात फेब्रुवारी आखूड दिसतो तो या दोन भीतींमुळे: एक सम आकड्याची, दुसरी मृतांची.

पुढच्याच वर्षी, इ.स.पू. 44 मध्ये, मार्चच्या आइड्सला सीझरचा खून झाला. सीनेटने तो दिवस ‘पितृहत्येचा दिवस’ ठरवला आणि त्या तारखेला पुन्हा कधी सभा भरवायची नाही असा ठराव केला. दिवस काळा करण्याचे हे हत्यार सीझरचा वारस ऑगस्टस याने आणखी धारदार केले. इ.स.पू. 30 मध्ये त्याचा प्रतिस्पर्धी मार्क अँटनी संपला, तेव्हा त्याचा जन्मदिवस, 14 जानेवारी, सीनेटच्या ठरावाने दूषित दिवस म्हणून पंचांगात नोंदवला गेला. आलियाचा दिवस निदान खऱ्या दुःखातून काळा झाला होता. हा हुकमाने झाला. गंमत अशी की असे हुकूम देणारा ऑगस्टस स्वतः मनापासून दिवस पाळत होता. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो प्रवासाला निघत नसे आणि नोन्सला कोणतेही महत्त्वाचे काम आरंभत नसे, असे चरित्रकार सुएटोनियस लिहितो.

अशुभ दिवसांना आव्हान देणारेही होते. इ.स.पू. 69 मध्ये 6 ऑक्टोबरला आर्मेनियात टिग्रानोसर्टापुढे रोमन सेनापती लुकुलसला त्याच्या अधिकाऱ्यांनी अडवले. याच तारखेला 36 वर्षांपूर्वी किंब्री टोळ्यांनी रोमन सैन्याचा फडशा पाडला होता. लुकुलसने सांगितले की हा दिवसही मी रोमनांसाठी शुभ करीन, आणि लढाई जिंकून दाखवली.

पण दिवसांचे खरे राज्य रणांगणावर नव्हते, घरात होते. मे महिन्याच्या 9, 11 आणि 13 तारखांना, पुन्हा विषम, मेलेली माणसे घरी येतात अशी समजूत होती. घरचा कर्ता मध्यरात्री अनवाणी उठे, हात धुई, मागे न पाहता काळ्या घेवड्याचे दाणे पाठीमागे टाकत जाई आणि या दाण्यांच्या मोलाने मी माझी आणि माझ्या माणसांची सुटका करतो आहे, असे नऊ वेळा म्हणे. मग काशाचे भांडे वाजवून पितरांना नऊ वेळा जायला सांगे. अशा महिन्यात कोण लग्न करणार? मे महिना लग्नाला वर्ज्यच होता. ओविडने आपल्या मुलीसाठी जूनमधला मुहूर्त विचारला, तेव्हा ज्युपिटरच्या पुरोहिताच्या पत्नीने त्याला सांगितले की 15 तारखेपर्यंत थांब. व्हेस्टा देवीच्या देवळातला केर त्या दिवशी टायबरमध्ये सोडला जातो, तोवर मीही केस विंचरत नाही. देवांच्या प्रेमप्रकरणांवर बिनधास्त लिहिणारा हा कवी मुलीच्या लग्नाच्या वेळी मुकाट्याने तारीख विचारायला गेला होता. त्यात मला ढोंग दिसत नाही, बाप दिसतो.

चौथ्या शतकात साम्राज्य ख्रिस्ती झाले. इ.स. 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायालये आणि शहरातली कामे बंद ठेवायचा हुकूम काढला, शेतकऱ्यांना सूट देऊन. इ.स. 395 मध्ये जुन्या धर्माचे सण सुट्टीचे दिवस नाहीत असा कायदा झाला. पण इ.स. 354 साली सुलेखनकार फिलोकालसने व्हॅलेंटिनस या ख्रिस्ती गृहस्थासाठी सजवलेल्या पंचांगात ईस्टरच्या तारखा आणि रोमच्या बिशपांची यादी आहे, जुन्या देवांचे खेळ-उत्सवही आहेत, आणि ‘इजिप्शियन दिवस’ म्हणून ओळखले जाणारे अशुभ दिवसही खुणेने दाखवले आहेत. धर्मगुरू ऑगस्टीनला आपल्या ख्रिस्ती श्रोत्यांना हे दिवस पाळण्यावरून बोल लावावे लागले.

त्याच पंचांगात सात ग्रहांचे सात वार आणि त्यांचे शुभाशुभ तासही आहेत. दिवसाचे 24 तास शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने वाटायचे. ज्याचा पहिला तास, त्याचा वार. चोविसांतून तीन फेऱ्या जाऊन तीन तास उरतात, म्हणून शनीनंतर रवी येतो, मग सोम, मग मंगळ. इजिप्तमधल्या ग्रीक ज्योतिषात घडलेली ही मांडणी पश्चिमेला रोममध्ये पसरली तशीच पूर्वेला भारतात आली. मध्य प्रदेशातल्या एरण येथे गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळात मातृविष्णू आणि धन्यविष्णू या भावांनी उभारलेल्या विष्णुस्तंभावर तारीख कोरलेली आहे: गुप्त संवत 165, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. इ.स. 484 चा हा लेख भारतातल्या ज्ञात शिलालेखांत वाराचा सर्वात जुना उल्लेख मानला जातो.